कोठडीचे ठिकाण आणि कैद्याचा दर्जा

दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या माणसांना कोठे कोंडावे, यावर अमेरिकेत २००९ च्या मे महिन्यात जो वाद रंगला, त्यात तुरुंगाविषयी जेवढे बोलले गेले त्याहून अधिक भूगोलाविषयी बोलले गेले. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २२ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे पदग्रहणानंतर दोनच दिवसांनी, क्यूबाच्या भूमीवरील ग्वांतानामो येथील लष्करी बंदिवास वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला होता. त्या वेळी तेथे सुमारे २४० माणसे होती आणि त्यांतील काहींना अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील तुरुंगांत आणावे लागणार, हे उघड होते. मात्र या कामासाठी मागितलेले आठ कोटी डॉलर सिनेटने २० मे रोजी ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारले, आणि नाकारणाऱ्यांत ओबामांच्या स्वपक्षीयांचाच भरणा मोठा होता. त्याच दिवशी एफबीआयचे संचालक रॉबर्ट म्यूलर यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे आपली चिंता मांडली, ती अशी की, ही माणसे अमेरिकेत आली तर ती पैसा उभा करतील, इतरांना कडवे बनवतील आणि प्रसंगी हल्लेही घडवतील; कडेकोट तुरुंगात हे कसे शक्य होईल असे विचारले असता त्यांनी टोळीप्रमुख तुरुंगात बसूनही टोळ्या चालवतात, याकडे लक्ष वेधले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्येच ओबामा आणि माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांची परस्परविरोधी भाषणे काही मिनिटांच्या अंतराने झाली, आणि एका प्रशासकीय प्रश्नाला पक्षनिष्ठेच्या कसोटीचे रूप आले.

या वादात तीन निरनिराळ्या भीती एकत्र मिसळल्या होत्या. कैदी पळून जातील ही पहिली, त्यांना सोडवण्यासाठी तुरुंगाच्या गावावर हल्ला होईल ही दुसरी, आणि ते इतर कैद्यांना आपल्या पंथाला लावतील ही तिसरी. पहिल्या भीतीवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. कोलोरॅडो राज्यातील फ्लोरेन्स येथील, १९९४ मध्ये सुरू झालेल्या अतिसुरक्षित संघीय तुरुंगातून आजवर कोणी पळालेला नाही. १९९३ च्या न्यूयॉर्क बॉम्बस्फोटाचा सूत्रधार रमझी यूसुफ, बुटात स्फोटके दडवून विमानात बसलेला रिचर्ड रीड आणि ११ सप्टेंबरच्या कटातील झकेरियास मूसावी हे तिघेही वाद चालू असताना तेथेच होते, आणि त्यामुळे त्या गावाचे काही बिघडले नव्हते. दुसऱ्या भीतीविषयी एवढेच सांगता येईल की, ती तुरुंगाशेजारी राहणाऱ्यांपेक्षा त्यांच्या लोकप्रतिनिधींना अधिक वाटत होती. मोंटाना राज्यातील हार्डिन या लहानशा गावाने बांधलेला ४६४ खाटांचा तुरुंग कैद्यांअभावी ओस पडला होता. तेव्हा तेथील नगरपरिषदेने ठराव करून ग्वांतानामोचे कैदी आमच्याकडे द्या, गावाला रोजगार मिळेल, अशी मागणी केली. त्याच राज्याच्या सिनेटरांनी ती तत्काळ झिडकारली.

उरते ती तिसरी भीती, आणि तीच गंभीर आहे. तुरुंगातील कट्टरीकरण म्हणजे एखाद्या बंदीने कोठडीत असताना हिंसेला धर्मकर्तव्य किंवा राजकीय कर्तव्य मानणारी विचारसरणी स्वीकारणे आणि तिच्यासाठी प्रत्यक्ष कृती करण्यास सिद्ध होणे. यात दोन टप्पे आहेत, आणि पहिला ओलांडणाऱ्यांपैकी फारच थोडे दुसरा ओलांडतात, हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. तुरुंगात धर्माकडे वळणे ही जगभर आढळणारी आणि बहुतांशी उपकारक गोष्ट आहे. दिवसाला आकार मिळतो, व्यसन सुटते, बराकीत चार माणसांचा आधार मिळतो. अमेरिकन अपराधशास्त्रज्ञ मार्क हॅम यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास करून असे दाखवले की, तुरुंगात धर्मांतर करणाऱ्यांपैकी हिंसेकडे जाणारे मूठभरच असतात, आणि ते प्रामुख्याने अशा तुरुंगांत घडतात जेथे गर्दी बेसुमार, टोळ्यांचे राज्य आणि सुधारणेचे उपक्रम नावापुरते असतात. कॅलिफोर्नियातील एका अतिसुरक्षित तुरुंगात टोळीत वाढलेल्या एका बंद्याने आपला स्वतंत्र पंथ काढला आणि त्याच्या बाहेर पडलेल्या साथीदारांनी २००५ मध्ये पेट्रोलपंप लुटून हल्ल्यासाठी पैसा जमवला. हे प्रकरण या वर्णनाला तंतोतंत बसते. त्या माणसाची अल् कायदाशी गाठ पडलेली नव्हती. त्याला भरती करण्यासाठी ग्वांतानामोहून कोणाला आणावे लागले नाही, त्या राज्याच्या तुडुंब भरलेल्या बराकीच त्याला पुरल्या.

म्यूलर यांची साक्ष झाली त्याच २० मेच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांबाहेर बॉम्ब ठेवण्याच्या प्रयत्नात न्यूबर्ग गावच्या चौघांना अटक झाली. चौघेही पूर्वी तुरुंगवास भोगलेले होते, त्यामुळे तुरुंगातील कट्टरीकरणाचा पुरावा म्हणून हे प्रकरण लगोलग पुढे करण्यात आले. पुढे खटल्यात उघड झाले ते असे की, योजना, पैशांचे आमिष आणि निकामी बॉम्ब हे सगळे सरकारच्याच खबऱ्याने पुरवले होते. २०२३ मध्ये त्यांतील तिघांना सोडण्याचा आदेश देताना न्यायाधीशांनी तपास यंत्रणेच्या वर्तनावर कडक शब्दांत कोरडे ओढले. अर्थात एका प्रकरणातील पुरावा पोकळ निघाला म्हणून धोकाच पोकळ ठरत नाही, आणि ग्वांतानामो बंद करू पाहणाऱ्यांनी ही चूक अनेकदा केली आहे.

कारण धोका खरा असल्याचा दाखला पॅरिसजवळच्या फ्लरी-मेरोजी तुरुंगाने दिला. युरोपातील या सर्वांत मोठ्या तुरुंगात २००५ च्या सुमारास अमेदी कुलिबाली हा दरोडेखोर आणि शेरिफ कुआशी हा इराकला लढायला निघालेला तरुण एकत्र आले, आणि दोघेही जमेल बेगाल या अल् कायदाशी संबंधित बंद्याच्या प्रभावाखाली गेले. बेगाल एकांत कोठडीत होता. ती कोठडी कुलिबालीच्या वरच्याच मजल्यावर होती आणि खिडकीतून बोलणे होऊ शकत होते. जानेवारी २०१५ मध्ये कुआशी बंधूंनी शार्ली एब्दो साप्ताहिकाच्या कचेरीत आणि कुलिबालीने ज्यूंच्या किराणा दुकानात जे हत्याकांड केले, त्याची मुळे त्या इमारतीत शोधली गेली. म्यूलर यांना अभिप्रेत असलेला प्रसंग नेमका हाच होता. फ्रान्सने त्यावर कडव्यांना इतरांपासून वेगळे काढून एका विभागात ठेवण्याचा मार्ग धरला. फ्रेन तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा प्रयोग आधीच सुरू केला होता, तो वाढवून असे खास विभाग निर्माण झाले. पण सप्टेंबर २०१६ मध्ये ओस्नी येथील विभागात एका बंद्याने पहारेकऱ्यांवर प्राणघातक हल्ला केला आणि पुढच्याच महिन्यात सरकारने तो आराखडा गुंडाळला. त्यानंतर प्रत्येक बंद्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवून मग त्याची जागा ठरवण्याची पद्धत आली.

एकत्र ठेवले तर शाळा भरते आणि विखुरले तर बी पसरते, अशी ही कोंडी आहे. एकत्र ठेवण्याचे टोकाचे उदाहरण इराकच्या दक्षिणेतील कॅम्प बुका हे होय. अमेरिकी लष्कराच्या या छावणीत २००७ च्या सुमारास वीस हजारांवर स्थानबद्ध होते. बाजारात सापडलेला भाजीवाला आणि सद्दाम हुसेनच्या सैन्यातील अधिकारी एकाच कुंपणात राहत होते, आणि आत शरियतची न्यायालये भरत होती. पुढे ‘इस्लामिक स्टेट’चा म्होरक्या झालेला अबू बक्र अल् बगदादी २००४ मध्ये काही महिने अमेरिकेच्या याच बंदिवासात होता. विखुरण्याचे टोकाचे उदाहरण स्पेनचे; १९८० च्या दशकाअखेरपासून त्या देशाने एटा या बास्क संघटनेचे बंदी घरापासून शेकडो किलोमीटर दूर वेगवेगळ्या तुरुंगांत वाटले. त्यामुळे संघटनेची आतील शिस्त ढिली झाली हे खरे, पण मुलाकातीसाठी रात्ररात्र प्रवास करणाऱ्या नातेवाइकांचे हाल हाच संघटनेच्या प्रचाराचा वर्षानुवर्षांचा विषय होऊन बसला. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी योग्य जागा असेल, असे मानून तुरुंग प्रशासन सतत तराजू हलवत राहते. परंतु बंदी कडवा होतो की नाही, हे ठिकाण आणि वाटणी यांपेक्षा वेगळ्याच एका गोष्टीवर अधिक अवलंबून आहे: त्या माणसाला राज्य काय म्हणून कोंडते आहे, आणि त्या कोंडण्याला अंत आहे की नाही.

उत्तर आयर्लंडचा इतिहास या मुद्द्यासाठी मुळातून पाहण्यासारखा आहे, कारण तो सोप्या उत्तरांना दाद देत नाही. ब्रिटिश सरकारने ऑगस्ट १९७१ मध्ये खटल्याविना स्थानबद्धता सुरू केली, ती डिसेंबर १९७५ पर्यंत चालली, आणि तिने आयरिश रिपब्लिकन आर्मीला जेवढे सदस्य मिळवून दिले तेवढे तिच्या स्वतःच्या प्रचाराने क्वचितच मिळाले असतील. जून १९७२ मध्ये अशा संघटनांच्या शिक्षा झालेल्या सदस्यांना ‘विशेष वर्ग’ देण्याचे सरकारने मान्य केले. म्हणजे स्वतःचे कपडे, तुरुंगकामातून सूट आणि आपल्याच म्होरक्यांच्या हुकमतीखाली राहण्याची मुभा, थोडक्यात युद्धकैद्याच्या जवळपासचा दर्जा. १ मार्च १९७६ पासूनच्या गुन्ह्यांसाठी तो काढून घेण्यात आला आणि नव्या बंद्यांना मेझ तुरुंगाच्या इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या इमारतींत साधे गुन्हेगार म्हणून ठेवण्यात आले. त्यांनी तुरुंगाचा गणवेश नाकारला, अंगावर नुसती घोंगडी घेऊन वर्षे काढली आणि १९८१ मध्ये आमरण उपोषणात दहा जणांनी प्राण सोडले. त्यांतील बॉबी सँड्स मृत्यूच्या महिनाभर आधी ब्रिटिश संसदेवर निवडून आला होता. येथे सरकारने तर सामान्य गुन्हेगार मानण्याचे धोरणच अवलंबले होते. मग ते का फसले, असा आक्षेप बंद्याला सामान्य गुन्हेगारासारखेच वागवावे या लेखाच्या प्रतिपादनावर घेता येईल आणि तो वजनदार आहे. त्याचे उत्तर असे की, शिक्षा सामान्य ठरवली तरी खटला सामान्य नव्हता. १९७३ पासून या आरोपींचे खटले ज्यूरीविना, एकाच न्यायाधीशापुढे चालत, आणि पुष्कळांना पोलीस कोठडीतील कबुलीजबाबावरच शिक्षा होई. ज्याला वेगळ्या कायद्याने पकडले, वेगळ्या न्यायालयात उभे केले आणि अखेर गणवेश मात्र इतरांसारखा दिला, त्याला आपण सामान्य गुन्हेगार आहोत हे पटणे शक्य नव्हते, आणि त्याच्या मोहल्ल्याला तर त्याहून नव्हते. भोवतालचा समाज ज्याच्या पाठीशी आहे त्या बंद्याच्या बाबतीत तुरुंगाची भिंत किती दूर बांधली याला अर्थ उरत नाही, हे अंदमानच्या सेल्युलर जेलनेही दाखवून दिले होते. समुद्रापार नेले की क्रांतीची आग विझेल हा ब्रिटिशांचा हिशेब होता. प्रत्यक्षात १९३० च्या दशकात तेथील क्रांतिकारकांनी ग्रंथ वाचून, अभ्यासवर्ग चालवून कम्युनिस्ट गट स्थापन केला आणि १९३७ च्या उपोषणानंतर सरकारला त्यांना परत भारतात आणणे भाग पडले. स्वातंत्र्यसैनिक आणि निरपराधांना मारणारे यांना एका पंक्तीत बसवण्याचा येथे उद्देश नाही. तुरुंगात माणूस कसा बदलतो याचे यंत्र मात्र दोन्हीकडे सारखेच चालते.

ग्वांतानामोत हे यंत्र सर्वांत उघड्या स्वरूपात दिसते. ११ जानेवारी २००२ रोजी तेथे पहिले वीस जण आणले गेले, आणि पुढे एकूण सुमारे ७८० जण येऊन गेले. ही जागा निवडण्यामागे सुरक्षिततेइतकाच दुसरा विचार होता: १९०३ च्या करारानुसार भाड्याने घेतलेल्या या जमिनीवर अमेरिकेचा ताबा आहे पण सार्वभौमत्व क्यूबाचे, त्यामुळे अमेरिकी न्यायालयांचा हात तेथवर पोहोचणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये हा तर्क मोडून काढला, पण तोवर बेट म्हणजे कायद्याबाहेरची जागा ही प्रतिमा जगभर पक्की झाली होती. पकडलेल्यांत चीनमधून निघालेले २२ उइगुर मुसलमान होते. त्यांच्याविरुद्ध लढाऊ असल्याचा आरोप टिकत नाही, हे सरकारलाच मान्य करावे लागले, तरीही त्यांना चीनकडे धाडता येईना आणि अमेरिकेत घ्यायचे नव्हते, म्हणून ते अल्बानिया, बर्म्युडा, पलाऊ असे देशोदेशी वाटले गेले, आणि शेवटचे तिघे स्लोव्हाकियाला जाईपर्यंत २०१३ चा डिसेंबर उजाडला. ‘संशयित’ या शब्दाचा खरा अर्थ अशा प्रकरणांतून कळतो. जो दोषी आहे की नाही हे अद्याप ठरायचे आहे, त्याला कोठे ठेवावे याची चर्चा तो दोषी आहे असे धरूनच होत होती.

अमेरिकेत हा वाद रंगला त्याच २००९ मध्ये मुंबईत जे चालले होते त्याची तुलना येथे अपरिहार्य आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत सापडलेल्या अजमल कसाबचा खटला २००९ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे सिनेटच्या त्या मतदानाच्या महिनाभर आधी, आर्थर रोड कारागृहाच्या आवारातच उभारलेल्या विशेष न्यायालयात सुरू झाला. हे कारागृह सात रस्त्यालगत, दाट वस्तीत आहे. आपल्या शेजारी कसाब नको म्हणून मुंबईकर रस्त्यावर उतरले नाहीत. मे २०१० मध्ये निकाल लागला, त्यात कसाबला फाशीची शिक्षा झाली आणि त्याच्याबरोबरचे दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. ही सुटका पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी दिली गेली तेव्हा त्याच्याभोवती दंतकथा अशी फारशी उरली नव्हती, आणि याचे श्रेय गोळीरोधक कोठडीपेक्षा पानोपानी नोंदल्या गेलेल्या साक्षीपुराव्याला अधिक जाते.

मात्र या उदाहरणावरून भारतीय व्यवस्थेने पाठ थोपटून घ्यावी असे काही नाही. एका कसाबसाठी खास कोठडी, खास न्यायालय आणि इंडो-तिबेट सीमा पोलिसांचा पहारा ठेवता येतो. पण दहशतवादाच्या कलमांखाली वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या वाट्याला नेहमीच्याच बराकी येतात. देशातील बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, आणि आर्थर रोडसारख्या कारागृहात क्षमतेच्या कितीतरी पट माणसे असतात. अतिसुरक्षित समजला जाणारा अंडा विभागही भरवशाचा नाही. येरवड्याच्या अशाच विभागात जून २०१२ मध्ये दहशतवादाच्या एका संशयिताचा सहबंद्यांनी गळा आवळून खून केला. आणि ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात, ज्यांत १८० हून अधिक प्रवासी मेले, कनिष्ठ न्यायालयाने २०१५ मध्ये दोषी ठरवलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवले नाही. त्यांतील एक जण निकालाची वाट पाहत तुरुंगातच मरण पावला होता. एकोणीस वर्षे आत काढलेल्या माणसाच्या मनात काय रुजले असेल, याचा विचार कोणत्याही कट्टरीकरणविरोधी आराखड्यात आढळत नाही, कारण ते आराखडे दोषी माणूस गृहीत धरून लिहिलेले असतात.

सुधारणेच्या उपक्रमांवर सर्वांत मोठा प्रहार लंडनमध्ये झाला. २०१२ मध्ये दहशतवादी कटासाठी शिक्षा झालेला एक तरुण डिसेंबर २०१८ मध्ये सुटला, आणि २९ नोव्हेंबर २०१९ रोजी फिशमाँगर्स हॉल येथे बंद्यांच्या शिक्षणाच्याच एका कार्यक्रमात त्याने त्या उपक्रमाशी निगडित दोन तरुणांना चाकूने ठार मारले. त्याला अडवणाऱ्यांत खुनाची शिक्षा भोगत असलेला आणि त्या दिवसापुरता बाहेर आलेला एक बंदीही होता, हेही त्याच घटनेचे अंग आहे. ब्रिटिश संसदेने फेब्रुवारी २०२० मध्ये कायदा करून अशा अपराध्यांची अर्ध्या शिक्षेनंतर आपोआप होणारी सुटका बंद केली आणि दोन तृतीयांश शिक्षेनंतर पॅरोल मंडळाच्या तपासणीची अट घातली. हा उपाय अपुरा असेल, पण तो सुटकेची तारीख नाहीशी करत नाही, ती तपासून पुढे ढकलतो. आणि तपासणीला कर्मचारी लागतात, बंद्याची भाषा समजणारे अधिकारी लागतात, धर्मोपदेशक लागतात, सुटल्यानंतर लक्ष ठेवणारे लोक लागतात. या गोष्टींवर खर्च करण्यापेक्षा बेटावर खर्च करणे अमेरिकेला सोपे वाटले. २०१८ मध्ये ग्वांतानामोतील चाळीस बंद्यांवर सुमारे ५४ कोटी डॉलर, म्हणजे दरडोई एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक खर्च झाला, असा हिशेब एका अमेरिकी वृत्तपत्राने पुढे आणला.

२०११ पासून अमेरिकी काँग्रेसने ग्वांतानामोतील बंद्यांना मुख्य भूमीवर आणण्यास कायद्यानेच मनाई केली आहे. तत्पूर्वी ज्याला आणले गेले, तो अहमद घैलानी न्यूयॉर्कच्या नागरी, म्हणजे लष्करेतर, न्यायालयात उभा राहिला, २८० हून अधिक आरोपांतून सुटला, एका आरोपात दोषी ठरला आणि जन्मठेपेवर गेला. बहुतेक आरोपांतील सुटकेचा गवगवा झाला, जन्मठेपेचा झाला नाही. मुंबई हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली याला शिकागोच्या न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा दिली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतील कोठडीतून दूरचित्रसंवादाद्वारे मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे साक्ष दिली. याउलट ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा मुख्य सूत्रधार मानला जाणारा खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत पकडला गेला. छळ करून काढलेले जबाब ग्राह्य धरायचे की नाहीत या एकाच वादात त्याचा खटला चालवणाऱ्या लष्करी आयोगाची वर्षे गेली, गुन्हा कबूल करून फाशी टाळण्याचा २०२४ मधील करार संरक्षणमंत्र्यांनी मागे घेतला, आणि जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ती माघार वैध ठरवली. जानेवारी २०२५ मध्ये ग्वांतानामोत पंधरा बंदी उरले होते, आणि जवळपास तीन हजार मृतांच्या कुटुंबीयांसाठी त्या मुख्य खटल्याची साक्षीपुराव्याची सुनावणीदेखील तोवर सुरू झालेली नव्हती.